ड्रेसाज शिक्षणातील घोड्याचा शरीरविकास : मोजमाप आणि नोंदी

ड्रेसाजचे, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर तालात आणि तोलात चालण्याचे, शिक्षण चालू असताना घोड्याचे स्नायू, वजन, पाठीचा आकार आणि चाल यांची ठरावीक अंतराने नोंद ठेवून त्याचे शरीर योग्य दिशेने घडते आहे का, हे तपासण्याची पद्धत. घोड्याला कसे चालवले गेले ते त्याच्या अंगावर उमटते. मात्र हा बदल महिनोन्‌महिने सावकाश होत असल्याने रोज खरारा करणाऱ्याच्याही तो लक्षात येत नाही. चार महिन्यांपूर्वीचे छायाचित्र आजच्या शेजारी ठेवले, की तो चटकन दिसतो.

नेमके काय पाहायचे हे कळण्यासाठी घोड्याची रचना माहीत हवी. माणसाच्या गळ्याखाली असते तसे आडवे हाड, म्हणजे हंसळीचे हाड, घोड्याला नसते. पुढच्या दोन पायांमध्ये छाती केवळ स्नायूंच्या झोळीत तोललेली असते, आणि उभ्या घोड्याचे सुमारे 60 टक्के वजन या पुढच्या पायांवर येते. त्यात स्वाराचे वजन येऊन पडते ते पाठीवर, पण ते पेलण्याचे काम पाठीच्या लांब स्नायूंचे नाही. ते स्नायू चालीसाठी आहेत. भार पेलायला पोटाचे स्नायू, छातीची झोळी आणि मणक्यांलगतचे खोल स्नायू लागतात. पाठ खालीवर वाकण्याची सर्वांत जास्त मुभा कंबरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी (कंबरेमागचे त्रिकोणी हाड) यांमधल्या सांध्यात असते. हा सांधा आत वाकू लागला की पुठ्ठा खाली बसतो आणि मागचे पाय पोटाखाली येतात. कलेक्शन म्हणजे शरीराच्या भाषेत हेच. म्हणून ‘पाठ भरली’ असे म्हणताना आधी पोटाची खालची रेषा आणि मांडी पाहावी. ती सैल असतील, तर वरची भरावट बहुधा चरबीची असते.

वय आणि वेळ

हाडांच्या वाढीच्या पट्ट्या, म्हणजे जिथून हाड वाढते ते कूर्चेचे थर, पायाच्या खालच्या टोकाकडून वर मिटत जातात. मणक्यांच्या पट्ट्या सर्वांत शेवटी, साधारण साडेपाच-सहा वर्षांच्या सुमारास मिटतात. वाढत्या वयात घोडा अधूनमधून मागून उंच होतो आणि काही आठवड्यांनी पुढची बाजू त्याला गाठते. अशा काळात त्याचा तोल पुढे झुकलेला असतो. त्याला शिक्षणातली चूक समजू नये, आणि कलेक्शनची सक्ती तर मुळीच करू नये. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ ग्राँप्री या सर्वांत वरच्या पातळीच्या स्पर्धेसाठी घोडा किमान 8 वर्षांचा असावा अशी अट घालतो, तीही याच संथ घडणीला धरून आहे. नियमित कामाने स्नायूंत पडलेला फरक दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसतो. कंडरा आणि हाडे त्याहून बरीच सावकाश मजबूत होतात. स्नायू तयार दिसतो म्हणून काम एकदम वाढवले, की इजा नेमकी कंडरेला होते.

छायाचित्रे

दर चार आठवड्यांनी, कामाच्या आधी, खोगीर न चढवता छायाचित्रे घ्यावीत. जमीन कडक व सपाट असावी आणि चारही पाय चौकोनात, नळ्या (गुडघ्याखालची लांब हाडे) जमिनीला काटकोनात असाव्यात. कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या मध्याइतक्या उंचीवर, सहा ते आठ मीटर अंतरावर आणि बरगड्यांना काटकोनात धरावा. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या चित्रात जी बाजू भिंगाला जवळ असते ती फुगीर दिसते आणि सगळी तुलना वाया जाते. मानेची उंची दर वेळी सारखी हवी, कारण डोके वर गेले की पाठ खचलेली दिसते आणि खाली आले की भरलेली. घोडा तोच, दिवस तोच, तरी दोन चित्रांत दोन निष्कर्ष निघतात. डावी, उजवी, समोरची आणि मागची अशी चार चित्रे घ्यावीत. पाचवे चित्र सर्वांत बोलके असते. मागे स्टुलावर उभे राहून शेपटीकडून मानेकडे वरून ते घ्यावे आणि त्या वेळी घोड्याच्या तोंडाशी माणूस असावाच. या चित्रात दोन खांदे आणि पुठ्ठ्याच्या दोन बाजू यांतला फरक लपत नाही. लांब केसांच्या दिवसांत चित्र फसवते, तेव्हा हात फिरवून पाहणे अधिक भरवशाचे.

पाठीचा छाप

साऱ्या नोंदींत सर्वांत उपयोगी पडणारी नोंद हीच, आणि तिला लागते ती फक्त वाकवता येणारी आणि वाकवलेला आकार टिकवणारी मोजपट्टी. पट्टी घोड्याच्या पाठीवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी अंगाला चिकटवायची, अलगद उचलायची आणि तिचा आतला आकार मोठ्या कागदावर पेन्सिलीने गिरवायचा. जागा तीन : खांद्याच्या फऱ्यामागे दोन बोटे, पाठीचा सर्वांत खोल भाग, आणि अठराव्या म्हणजे शेवटच्या बरगडीची रेषा. ही बरगडी कुशीत बोटांनी शोधून वर कण्यापर्यंत नेता येते. प्रत्येक छापावर तारीख, जागा आणि डावी-उजवी बाजू तिथल्या तिथे लिहावी. कागद घरी नेल्यावर डावे कोणते, हे कोणालाही आठवत नाही.

नवा छाप जुन्यावर ठेवून उजेडासमोर धरला, की फरक मिलिमीटरमध्ये दिसतो. चांगल्या कामाने कण्याच्या दोन्ही बाजूंचा उतार हळूहळू भरतो आणि टोकदार छप्परासारखी पाठ गोलाकार होते. कागद मध्यावर दुमडून डावी बाजू उजवीवर ठेवली, की दोन्ही बाजूंतली तफावत कळते. कामानंतर पाठ काही काळ रुंद झालेली असते, म्हणून छाप नेहमी कामाआधीच घ्यावा. खोगीर बसवणाऱ्या कारागिराला हेच छाप द्यावेत. वर्षभरात पाठ इतकी बदलू शकते, की सुरुवातीला नीट बसणारे खोगीर पुढे खांद्यामागे रुतू लागते.

फीत, वजन आणि चरबी

छातीचा घेर कोपरामागून आणि विदर्सच्या, म्हणजे मान पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या मागून, घोड्याने श्वास सोडल्यावर मोजावा. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880 (सर्व सेंटिमीटरमध्ये) केले, की अंदाजे वजन किलोत मिळते. घेर 185 आणि लांबी 165 असेल तर वजन सुमारे 475 किलो येते. हा अंदाजच आहे. त्याचा खरा उपयोग महिन्यामहिन्यांतला कल पाहण्यासाठी होतो. मान, पुढच्या पायाचा वरचा भाग आणि मांडी यांचा घेरही घ्यावा, पण तीनदा मोजून सरासरी काढावी. एक-दोन सेंटिमीटरचा फरक हाताच्या चुकीतही येतो.

फितीला चरबी आणि मांस यांत फरक कळत नाही. त्यासाठी डॉन हेनेके यांनी 1983 मध्ये मांडलेली 1 ते 9 गुणांची पद्धत वापरतात. तिच्यात मान, विदर्स, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ हातांनी चाचपतात. कामातल्या ड्रेसाज घोड्याला साधारण 5 ते 6 गुण योग्य. घेर वाढला आणि गुणही वाढले, तर घोडा जाड झाला. गुण तेच राहून घेर वाढला, तर स्नायू आला. निरोगी स्नायू विश्रांतीत मऊ आणि लवचीक लागतो. कायम लाकडासारखा कडक लागणारा स्नायू ताणात असतो, बळकट नव्हे. हाताला हा फरक एकदा कळला, की पुढे चुकत नाही.

चाल

दाताळ्याने सारखी केलेल्या वाळूवरून घोड्याला मोकळ्या कदमात (सर्वांत संथ चालीत) न्यावे आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या किती पुढे पडतो ते मोजावे. पाठ सैल होत गेली की हे अंतर वाढते. कलेक्शनमध्ये ते मुळातच कमी होते, त्यामुळे तुलना मोकळ्या कदमाशीच करावी. दुडकीत एका मिनिटात किती पावले पडतात तेही मोजावे. ताल घाईचा होत असेल, तर बळ नव्हे, तोल कमी पडतो आहे.

बिघाडाच्या खुणा

मानेच्या खालच्या कडेचा फुगवटा ही सर्वांत परिचित खूण. घोडा हाताविरुद्ध डोके उचलून, पाठ दाबून चालतो, तेव्हा मान खालून पोसली जाते. विदर्सच्या पुढे त्रिकोणी खड्डा राहिला, तर छातीची झोळी काम करत नाही आणि मानेचा पाया खचलेला आहे. मानेचा सर्वांत उंच बिंदू कानांमागच्या माथ्याऐवजी तिसऱ्या मणक्याजवळ दिसू लागला, तर डोके हाताने आत ओढले गेले आहे. हे दिसल्यावर व्यायाम वाढवून उपयोग नाही. लगाम सैल सोडून, मान पुढे-खाली ताणू देत मोकळ्या चालीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे पडले, तर आधी खोगीर तपासावे. खोगिराखालचा घामात कोरडा राहिलेला ठिपका एकटा पुरावा नाही. तिथे दाब फार आहे किंवा स्पर्शच नाही, असे दोन्ही असू शकते. छापाशी आणि केसांच्या स्थितीशी ताडून मग ठरवावे.

खांद्यांत थोडी असमानता बहुतेक घोड्यांत असते. पुठ्ठ्याची एक बाजू काही आठवड्यांत सपाट होऊ लागली, किंवा खोगीर सतत एकाच बाजूला सरकू लागले, तर मागच्या पायात लपलेला लंगडेपणा असू शकतो. अशा वेळी सरळ चालण्याचे धडे थांबवून आधी पशुवैद्याला दाखवावे. काम नियमित असून वरची रेषा (मान, पाठ आणि पुठ्ठ्यावरचे स्नायू) उलट झिजत असेल, तर दात, जठरातील व्रण, आहारातल्या प्रथिनांची, विशेषतः लायसिन या प्रथिनघटकाची कमतरता, आणि वयस्क घोड्यात संप्रेरकांचा विकार ही कारणे तपासावीत.

मोजमापांसोबत त्याच वहीत आठवड्याचे काम, सुट्ट्या, चाऱ्यातले बदल, नालबंदीच्या तारखा आणि खोगिराच्या दुरुस्त्या लिहाव्यात. छाप मार्चमध्ये बदलला आणि खोगिराच्या गादीत लोकर फेब्रुवारीत भरली होती, एवढे वहीत असले तरी कारण शोधायला वेळ लागत नाही.