चेर्ने येझेरो : बर्फाने कोरलेले तळे

गर्द जंगलात, उभ्या कड्याच्या पायथ्याशी काळेशार पाणी दिसले की ते अथांग असल्याची दंतकथा जन्माला येते. चेक प्रजासत्ताकातील शुमावा पर्वतात तर चेर्तोवो येझेरो या तळ्याच्या नावातच सैतान आहे. अशा कथा जरूर जपाव्यात, परंतु खोलीचे कारण म्हणून त्या सांगितल्या जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते. कारण त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, 1,008 मीटर उंचीवर असलेले चेर्ने येझेरो, म्हणजे काळे तळे, हे त्या देशातील सर्वांत मोठे नैसर्गिक तळे असून त्याची मोजलेली खोली सुमारे 40 मीटर आहे, आणि खरे नवल एवढा खड्डा पडला कसा याचे आहे.

नदीला हे जमत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रात भोवऱ्यांत फिरणाऱ्या गोट्यांनी रांजणखळगे पाडले आहेत, पण तळ्याएवढी खोलगट जागा वाटेत आली तर वाहते पाणी ती गाळाने भरूनच टाकते.

बर्फाचे तसे नाही. हिमयुगात पश्चिमेचे वारे माथ्यावरचे हिम उडवून ईशान्येकडील सावलीत आणून टाकत आणि उन्हाळ्यातही ते पुरते वितळत नसे. थरांवर थर साचले, खालच्या कणांमधली बरीचशी हवा दाबाने निघून गेली आणि भुसभुशीत हिमाचा घट्ट, निळसर बर्फ झाला. वर भर पडत होती, खालच्या टोकाला बर्फ वितळत होता; त्यामुळे आरामखुर्चीत घसरत जाणाऱ्या माणसासारखी ती हिमनदी मागच्या बाजूने खाली दबत आणि पुढच्या बाजूने वर उचलली जात सरकू लागली. बर्फ कोणत्या दिशेने सरकणार हे मुख्यतः त्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या उतारावर ठरते, म्हणून तळाशी चढ असला तरी तो चढून जातो. त्याच्या बुडाशी गोठून रुतलेले दगड कानशीसारखे खडक घासत राहिले, तर मागच्या कड्याच्या भेगांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगून दगड उचकटत राहिले. असे हे हिमगव्हर, म्हणजे हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेली खोलगट जागा, तयार झाले.

तोंडाशी हिमनदीने टाकलेल्या ढिगाऱ्याचा, म्हणजे हिमोढाचा, बांध आहे. नदी दगड, वाळू आणि माती निवडून वेगवेगळी टाकते; हिमोढात कोनेदार शिळांपासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सारे एकत्र असते.

या दोन तळ्यांमधल्या डोंगरावरूनच युरोपचा मुख्य जलविभाजक जातो. चेर्ने येझेरोचे पाणी एल्बेमार्गे उत्तर समुद्राला मिळते, तर चेर्तोवोचे डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला.