कॅथलिक शाळांच्या वाटचालीतील टप्पे (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भातील कॅथलिक शाळा धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतील चर्चचा विभाग) किंवा धर्मभगिनींचे (सिस्टरांचे) संघ चालवतात. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला व १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. १९५५ मध्ये अमरावती त्यातून वेगळा निघाला, तर सिरो-मलबार या केरळी कॅथलिक परंपरेच्या चांदा (चंद्रपूर) मिशनला १९७७ मध्ये धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे मुळात धर्मभगिनींचा मठ. पण वैदर्भीय बोलण्यात कोणतीही खासगी इंग्रजी शाळा कॉन्व्हेंटच असते, त्यामुळे पाटीवरच्या नावावरून चर्चशी नाते ठरवता येत नाही.

शासनमान्यता हा पहिला टप्पा. शिशुवर्गापासून सुरू झालेली शाळा दरवर्षी वरचा एक वर्ग जोडते, त्याला शिक्षण खात्यात ‘नैसर्गिक वाढ’ म्हणतात. के.जी.ची दोन वर्षे धरून दहावी गाठायला बारा वर्षे लागतात. म्हणूनच पहिली तुकडी नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसते, तो दिवस रौप्यमहोत्सवाहून मोठा मानायला हवा. संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) मधील हक्काला धरून मिळणारे अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र हाही महत्त्वाचा टप्पा आहे. शिष्यवृत्ती परीक्षा आणि तालुका विज्ञान प्रदर्शन यांतील यश वार्षिक अहवालात नोंदले जाते.

पन्नासाव्या वर्षाच्या उत्सवाची कल्पना बायबलच्या लेवीय ग्रंथातील आहे. सुवर्णमहोत्सवात सकाळी बिशपांच्या हस्ते कृतज्ञतेचा मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) होतो, संध्याकाळी गॅदरिंग आणि माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. विदर्भातील उन्हाळा कडक, शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात, त्यामुळे असे सोहळे हिवाळ्यातच सोयीचे पडतात.

शाळेने काय मिळवले याचा खरा पुरावा मात्र दाखल-खारीज रजिस्टरात असतो. त्यात नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा आणि शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’ असे रकाने असतात. मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी गाव सोडतात आणि मुलांचे वर्ष बुडते. सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये राहिलेल्या मुलीचे वर्ष वाचते. घरातून पहिल्यांदाच शाळेत आलेल्या अशा मुलीच्या नावापुढे, त्या शेवटच्या रकान्यात, ‘दहावी उत्तीर्ण’ असे दोन शब्द लिहिले जातात.