हिवाळी चारामापन (वनातील हरणांसाठी)

चितळ, सांबर, भेकर या प्राण्यांना हिवाळ्यात जंगलात कोणता चारा मिळतो आणि तो किती आहे, हे ठरावीक जागी प्रत्यक्ष मोजून काढण्याची पद्धत. उभे गवत, झुडपांच्या कोवळ्या डहाळ्या, बांबूचा पाला आणि झाडाखाली गळलेली फळे या मोजणीत धरतात. रोही (नीलगाय) आणि चौसिंगा हे शास्त्राप्रमाणे हरीण नव्हेत, ते गाय-बैलांच्या कुळातले. पण एकाच ताटात जेवणारे म्हणून त्यांचाही विचार करावा लागतो.

ही पद्धत बर्फाळ देशांत रुजली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या कायबाब पठारावर 1906 मध्ये शिकारीला बंदी झाली, पाठोपाठ हिंस्र प्राणीही मारले गेले आणि हरणे वाढत गेली. 1924 नंतरच्या हिवाळ्यांत त्यांतली हजारो उपाशी मेली. नेमक्या आकड्यांबद्दल आजही वाद आहे. मात्र हरणे मोजण्याबरोबर त्यांचा चाराही मोजला पाहिजे, हे तिथल्या वनखात्याला तेव्हा उमगले. तिकडे गवत बर्फाखाली जाते आणि हिवाळा हाच उपासाचा काळ ठरतो.

नागपूरकडे तसे नाही. डिसेंबर 2018 मध्ये शहराचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तरी इथले हरीण थंडीने उपाशी राहत नाही. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या जंगलांत खरी ओढाताण एप्रिलपासून मृगाच्या पावसापर्यंत असते. पावसाळा सरला की गवत दाणा धरते, डिसेंबरात पिवळे पडते आणि त्यानंतर त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही. शेतकरी दिवाळीनंतर कडबा रचून उन्हाळ्याचा हिशेब करतो, तोच हिशेब जंगलाचा करायचा तर तो हिवाळ्यातच करावा लागतो. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरला जातो. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. त्याआधी मोजणी उरकली नाही तर पुष्कळदा राखच मोजायची वेळ येते.

गवतासाठी एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट जमिनीवर टाकतात. आतले गवत जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर विळ्याने कापून जातीप्रमाणे वेगळे करतात. मारवेल, पवन्या आणि कुसळी यांची एकच मोळी केली तर मोजणीचा अर्धा अर्थ जातो. कुसळी कोवळी असताना चितळ खातो, पण तिला कुसे आली की तोंड लावत नाही. कापलेला चारा भट्टीत सुमारे 60 ते 70 अंशांवर वजन स्थिरावेपर्यंत सुकवतात. चौरस मीटरमागे जितके ग्रॅम, त्याच्या दहापट किलो दर हेक्टरी. काही चौकटींवर पावसाळ्यातच जाळीचे पिंजरे ठेवतात. आतल्या आणि बाहेरच्या गवतातला फरक म्हणजे जनावरांनी खाल्लेला वाटा. अभयारण्यात गवत कापायलाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते.

झुडपांची मोजणी अधिक कसबाची. हरणाचे तोंड पोहोचते तेवढ्याच, म्हणजे साधारण पावणेदोन-दोन मीटर उंचीपर्यंतच्या, चालू वर्षी फुटलेल्या डहाळ्या मोजतात आणि त्यांतल्या किती खुडलेल्या आहेत ते लिहितात. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते डहाळी ओरबाडून तोडते आणि टोक फाटलेले राहते. सशाने कुरतडलेली डहाळी चाकूने तिरकी कापल्यासारखी दिसते. अडचण शेळीची. तिलाही वरचे पुढचे दात नसल्याने गावालगतच्या जंगलात तिने आणि चितळाने खुडलेल्या डहाळीत फरक करता येत नाही; तिथे खुरांचे ठसे आणि लेंड्या पाहूनच निर्णय करावा लागतो. लेंड्या दुसऱ्या कामालाही येतात. पानांच्या सालीचे न पचलेले तुकडे त्यांत सापडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखून प्राण्याने काय खाल्ले हे कळते.

फळांचा वाटा चारामापनात नेहमी कमी धरला जातो, आणि ही मोठी चूक आहे. हिवाळ्यात आवळा, बोर, बेहडा गळतात. माकडे वर बसून अर्धे खातात, अर्धे टाकतात आणि खाली चितळांचा कळप उभाच असतो. झाडाखाली कापड पसरून पडलेली फळे मोजता येतात, पण हरणे रात्रीतून ती वेचून नेतात. त्यामुळे सकाळच्या मोजणीतला आकडा शिल्लक फळांचा असतो, पडलेल्या फळांचा नव्हे.

हिरवे दिसते म्हणून ते चारा असे नाही. पेंचच्या जंगलात गराडीचे झाड मुबलक आहे. त्याचा पाला विषारी असल्याने जनावरे त्याला शिवत नाहीत. रायमुनिया (घाणेरी) आणि रानतुळस यांनी व्यापलेली जागाही उपग्रहाच्या चित्रात हिरवीगार दिसते. म्हणून मोजणीच्या तक्त्यात ‘खाल्ले जाणारे’ आणि ‘न खाल्ले जाणारे’ हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून हवेतच. रिठी पडलेल्या (उठून गेलेल्या) गावांच्या जागी तयार झालेली कुरणे टिकवायची तर तणे उपटण्याआधी आणि नंतर असे दोन्ही आकडे लागतात.

हिशेबाचा एक नमुना पाहू. समजा, चौकटींची सरासरी 120 ग्रॅम आली, म्हणजे हेक्टरी 1,200 किलो सुके गवत. त्यातले निम्मे मुळे जगावीत यासाठी आणि तुडवणुकीपोटी सोडले तर 600 किलो उरते. चितळ रोज सव्वा किलो सुका चारा खातो असे धरले, तर 1 फेब्रुवारी ते 15 जून या 135 दिवसांत एका प्राण्याला सुमारे 170 किलो लागतो. म्हणजे हेक्टरी साडेतीन चितळ. हा आकडा कागदावर भरघोस दिसतो आणि इथेच फसगत होते. चाऱ्यातली प्रथिने सात टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली गेली की पोटातल्या जिवाणूंचे काम मंदावते. पोट भरलेले प्राणीही खंगतात. फेब्रुवारीतले वाळके गवत अनेकदा या मर्यादेखाली असते. नत्र तपासून त्याला 6.25 ने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. माझ्या मते ही तपासणी वगळून केलेला वहनक्षमतेचा (जंगल किती प्राणी पोसू शकते याचा) कोणताही दावा अपुरा आहे.

दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत वनरक्षक दोन किलोमीटरच्या रेषेवर चालतात आणि दर 400 मीटरला 15 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात झाडे-झुडपे नोंदवतात. त्यात चाऱ्याचे वजन नसते, पण कोणत्या कक्षात (जंगलाच्या तुकड्यात) काय उगवते याचा पाया तयार मिळतो. चारामापनाच्या चौकटी त्याच रेषांवर टाकणे श्रम वाचवणारे आहे.

पेंचमध्ये आणखी एक नोंद वेगळी ठेवावी लागते. तोतलाडोह जलाशयाचे पाणी हिवाळ्यानंतर मागे सरकते, उघड्या पडलेल्या गाळावर ऐन उन्हाळ्यात कोवळे गवत येते आणि चितळांचे मोठे कळप तिथे उतरतात. जानेवारीच्या मोजणीत हा चारा पाण्याखालीच असतो. त्याची चौकट मे महिन्यात, पाण्याच्या काठाकाठाने टाकतात.