सगळ्यांना एकच नियम, मग भेदभाव कसला?
“आमच्याकडे सगळ्यांना एकच नियम, त्यामुळे अपंगांवर अन्याय होतच नाही,” असे कितीतरी संस्था वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. हा समज चुकीचा आहे. दृष्टिहीन उमेदवाराला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, न देता सर्वांबरोबर संगणकावर परीक्षेला बसवले, तर तपासले काय जाते? त्याचे ज्ञान तर नक्कीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील कलम २ प्रमाणे वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच. हेतू वाईट नसला तरी. वाजवी म्हणजे संस्थेवर अवास्तव बोजा न टाकणारी. बैठक तळमजल्यावर घेणे, सूचना लेखी देणे, बहुतेकदा एवढेच तर हवे असते! याला मेहेरबानी म्हणणे मला मनापासून खटकते. प्रत्यक्ष समानतेसाठी लागणारे खास उपाय म्हणजे इतरांवर अन्याय नव्हे, हेही त्याच कराराच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे.