ऐकू येतं, पण अर्थ लागत नाही

टेबलावर वाटी, चावी आणि कंगवा. स्पीच थेरपीच्या बाई सांगतात, "आधी चावी वाटीत टाक, मग कंगवा मला दे." साडेचार वर्षांचा मुलगा कंगवा उचलतो आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहतो. कान तपासून झालेत, ऐकू नीट येतं. चित्राचे तुकडे तो भराभर जुळवतो, बुद्धीतही कुठे कमी नाही. शेजारीपाजारी आईला धीर देतात, "याचा बाबाही उशिराच बोलला होता, बोलेल." काही मुलं खरंच बोलू लागतात. जी अडखळतच राहतात, त्यांच्या अडचणीला आज 'विकासात्मक भाषा विकार' म्हणतात. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या शाळांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास निघालं. तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुलं.

या मुलानं कोणत्या शाळेत जायचं, हा प्रश्न जुना आहे. त्याला नाव काय दिलं, त्यावर त्याची शाळा ठरत आली.

फार काळ नाव एकच होतं: मुका. बोलत नाही म्हणजे ऐकू येत नसणार, असं धरून त्याला मूकबधिरांच्या वर्गात बसवायचं, नाहीतर मंदबुद्धी समजून घरी ठेवायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर, १९४५ साली, विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांचे ११ प्रकार ठरले. त्यातला एक वाचादोषाचा. तोतरेपणा, अफेजिया (मेंदूतल्या बिघाडामुळे भाषा न जमणं), आवाजाचे आणि उच्चारांचे दोष त्यात आले, आणि पुढे एक अट होती: दोष बहिरेपणामुळे आलेला नसावा. मला या अटीचं मोल फार वाटतं. ऐकू येणं वेगळं आणि भाषा येणं वेगळं, हे तिथे सरकारी कागदावर उतरलं.

दोन वर्षांनी, १९४७ साली, सरेमधल्या ऑक्स्टेड गावी मूर हाउस ही निवासी शाळा उघडली. तिच्यामागे सेसिल वर्स्टर-ड्रॉट हे मेंदूविकारतज्ज्ञ होते. ऐकू येऊनही शब्दांचा अर्थ न लागणारी मुलं त्यांनी त्याआधीच अभ्यासली होती. पुढे याच शाळेत जॉन ली या शिक्षकांनी रंगांची पद्धत बसवली. नाम एका रंगात, क्रियापद दुसऱ्या रंगात, अशी वाक्यं मुलांसमोर लिहून ठेवायची. बोललेलं वाक्य हवेत विरून जातं, लिहिलेलं डोळ्यांपुढे राहतं. कोणता रंग गळला हे पाहून मूल आपलं वाक्य आपणच दुरुस्त करू लागतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी घेऊन हे साधत नाही. त्यासाठी शिक्षक आणि थेरपिस्ट एकाच वर्गात हवेत, दिवसभर. खास शाळा लागते ती यासाठी. १९५८ साली वर्दिंगमध्ये जॉन हॉर्निमन शाळा आणि १९७४ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये डॉन हाउस, अशी ही वाट पुढे गेली. विशेष शिक्षणावरचा १९७८चा वॉर्नॉक अहवाल आणि १९८१चा कायदा यांनी ते प्रकार मोडीत काढले आणि कल नेहमीच्या शाळांकडे वळला.

आपल्याकडे सुरुवात कानापासून झाली. मुंबईत १८८०च्या दशकात मूकबधिरांची शाळा निघाली. १९६६ साली नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात श्रवण आणि वाचा उपचाराचा पदवी अभ्यासक्रम आला, १९८३ साली वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था उभी राहिली. या संस्थांनी थेरपिस्टांच्या पिढ्या घडवल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण कान आणि वाचा एकाच छताखाली राहिल्यामुळे आईबापांची वाटही कानाच्या डॉक्टरांवरूनच जाते, आणि 'कान ठीक आहे' या शब्दांवर पुष्कळदा तिथेच थांबते. मुंबईतल्या स्टीफन हायस्कूलच्या नावात 'डेफ'च्या जोडीला 'अफेजिक' हा शब्द आहे. ज्या मुलांबद्दल इथे लिहितो आहे त्यांची दखल असलेली अशी पाटी विरळाच.

कायद्यात ही मुलं उशिरा आली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत भाषेचं नावच नव्हतं. २०१६च्या कायद्याने २१ प्रकार धरले, त्यात 'वाचा आणि भाषा' आली, पण व्याख्या स्वरयंत्र काढलेल्या किंवा अफेजिया झालेल्या, शारीरिक वा मज्जासंस्थेचं कारण दाखवता येणाऱ्या रुग्णांची. ज्या मुलाच्या तपासण्यांत असं काहीच सापडत नाही, ते त्यात बसत नाही. त्याच्या अडचणीचं जुनं नाव, 'डेव्हलपमेंटल अफेजिया', भलत्याच रकान्यात सापडतं: अध्ययन अक्षमतेत, डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचनातल्या अडचणीच्या, शेजारी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या गटाने २०१७ साली 'विकासात्मक भाषा विकार' या नव्या नावावर एकमत केलं. आपला कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा, त्यात जुनं नाव राहून गेलं.

अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी वयाची अट घातली: आठ वर्षं पूर्ण. वाचनलेखनाची परीक्षा त्याआधी भरवशाने घेता येत नाही, म्हणून डिस्लेक्सियाला ती अट शोभते. भाषेची घडण मात्र त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या पाच-सहा वर्षांत होत असते. वाटी, चावी आणि कंगव्यापुढे बसलेल्या त्या मुलाला या हिशेबाने अजून साडेतीन वर्षं थांबायचं आहे.