घरातली विषारी रसायनं कमी करा म्हणतात, पण ती घरात आली कशी? थोडी पार्श्वभूमी

खिडक्या उघडा, ओल्या फडक्यानं पुसा, प्लास्टिकमध्ये गरम करू नका, सुगंधी स्प्रे टाळा. ही यादी आता सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ती परत देत नाही. ती बनली कशी आणि हे काम घरात राहणाऱ्याच्याच गळ्यात का पडलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती गोष्ट बरीचशी १९७० नंतरची आहे.

त्याआधीचं पटकन उरकतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात घरोघरी भिंतींवर जे हिरवेगार वॉलपेपर लागायचे त्यातला हिरवा रंग आर्सेनिकचा होता, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यावर आरडाओरडाही केला होता. शिशाचं तसंच. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी मुलांच्या शिसे-विषबाधेचा संबंध व्हरांड्याच्या रंगाशी जोडला होता. १९२१ मध्ये घराच्या आत पांढऱ्या शिशाचा रंग वापरण्यावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करारही झाला, अर्थात तो मुलांसाठी नव्हता, रंगाऱ्यांसाठी होता. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणली १९७८ मध्ये. मधे ५७ वर्षं गेली. तेव्हा "त्या काळी कुणाला माहीतच नव्हतं" हे नेहमीचं पालुपद निदान शिशाच्या बाबतीत तरी खोटं आहे.

खरा पेच पडला १९७६ मध्ये. अमेरिकेनं रसायनांसाठी मोठा कायदा केला (औषधं, खाण्याचे पदार्थ, कीटकनाशकं, सौंदर्यप्रसाधनं वेगळ्या कायद्यांखाली होती, ती यात नाहीत) आणि त्या वेळी बाजारात असलेली सुमारे ६२,००० रसायनं काहीही न तपासता जशीच्या तशी चालू ठेवली. एखादं रसायन धोक्याचं आहे हे सरकारी यंत्रणेनं सिद्ध करायचं, विकणाऱ्यानं ते सुरक्षित आहे हे दाखवायची गरज नाही. आणि ते सिद्ध करणं किती अवघड असावं? तर अ‍ॅस्बेस्टॉस, ज्याच्याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती, त्यावर १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये कोर्टात बहुतेक सगळी उडाली. एकदा अ‍ॅस्बेस्टॉस सुटल्यावर बाकीच्यांना हात कोण लावणार. युरोपनं २००७ पासून उलटा नियम आणला, माहिती द्या नाहीतर विकू नका, आणि अमेरिकेनं स्वतःचा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त केला, पण तोवर चाळीस वर्षांचं फर्निचर, गालिचे आणि डबे घरात येऊन पडले होते.

त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत इंधन वाचवायला घरं हवाबंद करायची लाट आली, फटी बुजवल्या, भिंतीत फोम भरला, आत प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड वाढलं, त्यातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू बाहेर जायला जागाच राहिली नाही. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं दुखणं अशा तक्रारी यायला लागल्या. कॅनडानं १९८० मध्ये भिंतीत भरायच्या युरिया-फॉर्माल्डिहाइड फोमवर बंदीच घातली.

तरी प्रदूषण म्हणजे कारखान्याच्या धुराड्यातून येतं ते, ही समजूत पक्की होती. ती मोडली १९८० च्या आसपास अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासानं. न्यू जर्सीतली रासायनिक कारखान्यांजवळची दोन शहरं मुद्दाम निवडली, लोकांना अंगावर बाळगायला छोटा पंप दिला जो दिवसभर आजूबाजूची हवा एका नळीत ओढत राहायचा, रात्री तोच पंप उशाशी, शिवाय श्वासाचे नमुने घेतले. अंदाज असा की कारखान्याजवळ राहणाऱ्यांचे आकडे वाईट येतील. निघालं भलतंच. कारखाना जवळ असो नाहीतर लांब, साधारण डझनभर सेंद्रिय रसायनांचं प्रमाण घरात बाहेरच्यापेक्षा २ ते ५ पट जास्त होतं. मग शोध घेतला तर काय सापडलं: कपाटातल्या कीडनाशक गोळ्या आणि टॉयलेटमधल्या वासाच्या वड्या, ड्रायक्लीनिंगहून आणून तसेच कपाटात टांगलेले कपडे, क्लोरीन घातलेल्या पाण्याचा गरम शॉवर (त्यातून क्लोरोफॉर्म हवेत येतो) आणि सिगारेट. सगळा साध्या दुकानात मिळणारा माल. घरगुती सल्ल्यांच्या याद्या खऱ्या अर्थानं इथून सुरू झाल्या असं मला वाटतं, कारण घराच्या आत कायदा जवळपास नव्हताच, त्यामुळे यंत्रणांकडे सल्ला देण्यापलीकडे करण्यासारखं फार काही नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे सोफा. हसू नका, गेल्या पन्नास वर्षांत घरातल्या रसायनांवर सगळ्यात जास्त भांडण कशावरून झालं असेल तर सोफ्याच्या आतल्या फोमवरून.

कॅलिफोर्नियानं १९७५ मध्ये नियम काढला की सोफ्यातल्या फोमला मेणबत्तीएवढी ज्योत १२ सेकंद लावली तरी तो पेटून जळत राहता कामा नये. नियमात कुठेही अमुक रसायन घाला असं लिहिलेलं नव्हतं. पण सोफ्यातला पॉलीयुरेथेन फोम खनिज तेलापासून बनतो, भडाभडा पेटतो, तो या परीक्षेत पास करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्यात अग्निरोधक रसायन मिसळणं, फोमच्या वजनाच्या काही टक्के. आणि एका राज्यासाठी वेगळे सोफे आणि बाकीच्यांसाठी वेगळे असं कोण बनवणार, म्हणून तोच माल सगळीकडे जायला लागला.

नियमाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की फोमला लागलेली आग काही मिनिटांत खोली गिळते, पळायला जेवढा वेळ मिळेल तेवढा हवाच, आणि आगीत मरणाऱ्यांचे आकडे खरोखर कमी झाले. ते झाले, पण त्याच काळात सिगारेट ओढणारे कमी झाले आणि घरोघरी स्मोक अलार्म लागले, त्यामुळे श्रेय फोमला द्यायचं की अलार्मला हे ठरवणं अवघड.

आणि परीक्षेतच गोची होती. तपासायचे ते नुसत्या फोमचे तुकडे. सोफ्यावर कापड असतं. आग लागते आधी कापडाला, आणि ती आतल्या फोमपर्यंत पोचेस्तोवर मेणबत्तीएवढी राहिलेलीच नसते, तिच्यापुढे ते १२ सेकंद काय करणार? वर सोफ्याच्या जीवघेण्या आगींत मोठा वाटा धुमसत्या सिगारेटचा, उघड्या ज्योतीचा नाही. म्हणजे परीक्षा घेतली भलत्याच विषयाची.

रसायनाचं काय झालं ते बघा. फोममध्ये जे घालायचे, पेंटाबीडीई म्हणून ब्रोमीनचं मिश्रण, ते फोमशी रासायनिकरीत्या बांधलेलं नसायचं, नुसतं मिसळलेलं. बसलं की गादी दबते, उठलं की फुगते, दर वेळी थोडं थोडं बाहेर, आणि ते हवेत फार काळ राहत नाही, धुळीला चिकटून जमिनीवर बसतं. रांगणारं मूल त्याच जमिनीवर आणि हात दर मिनिटाला तोंडात. मांजर अंगावरची धूळ चाटून साफ करते, म्हणून अमेरिकेत मांजरांचं रक्त तपासलं तेव्हा त्यात ही रसायनं माणसांपेक्षा कित्येक पट जास्त निघाली. ओल्या फडक्यानं पुसा, जेवायच्या आधी हात धुवा हे आजीछाप सल्ले रसायनांच्या यादीत का आले ते इथे कळतं, सुक्या झाडूनं ही धूळ नुसती उडते आणि परत बसते.

स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासले तर १९७२ ते १९९७ या काळात या गटातल्या रसायनांचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं दिसलं. डीडीटीसारख्या जुन्या बंदी आलेल्या गोष्टींचं प्रमाण त्याच दुधात उतरत होतं आणि हे चढत होतं. त्यानंतर २००४ मध्ये युरोपात पेंटा बंद झालं आणि अमेरिकेत बनवणाऱ्यांनी त्याच वर्षअखेर उत्पादन थांबवलं.

पण नियम जागेवरच होता ना! फोम पास तर करायचाच होता. मग पेंटाच्या जागी दुसरी रसायनं आली, त्यात एक होतं क्लोरीनवालं ट्रिस. याची कुंडली मजेशीर आहे. १९७० च्या दशकात मुलांचे झोपायचे कपडे पेटू नयेत म्हणून त्यात ब्रोमीनवालं ट्रिस घालायचे. ते डीएनएत बदल घडवतं असं १९७७ मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. कंपन्या त्याच्या सख्ख्या भावाकडे, म्हणजे क्लोरीनवाल्याकडे वळल्या, पण त्याबद्दलही तसलंच निघाल्यावर कपड्यांतून तेही गेलं. गेलं ते कपड्यांतून फक्त. २०११ मध्ये लहान मुलांच्या वापरातल्या फोमच्या १०१ वस्तू, कारसीट, गाद्या, पाजताना घ्यायच्या उश्या वगैरे, तपासल्या तेव्हा ८०% वस्तूंत अग्निरोधक सापडले आणि सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते हेच क्लोरीनवालं ट्रिस. अंगातल्या कपड्यात चालत नाही आणि अंगाखालच्या गादीत चालतं, असा एकूण कारभार.

नियम इतका टिकला कसा, याचं उत्तर २०१२ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रानं बाहेर काढलं. सिगारेट कंपन्यांवर आपोआप विझणारी सिगारेट काढा म्हणून दबाव होता, त्यांनी अग्निशमन अधिकाऱ्यांशी जवळीक वाढवून चर्चा सिगारेटवरून फर्निचरकडे वळवली. आणि पुढे रसायन कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका गटातर्फे भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारा एक डॉक्टर आमदारांसमोर येऊन मेणबत्तीच्या आगीत गेलेल्या तान्ह्या मुलीची गोष्ट सांगून गेला. पत्रकारांनी शोधलं तर तसं बाळच सापडलं नाही.

त्यानंतर २०१३ मध्ये नियम बदलला. आता कापडासकट तपासायचं आणि ज्योतीऐवजी धुमसत्या सिगारेटनं. या परीक्षेत रसायन न घालताही पास होता येतं. एका रसायन कंपनीनं कोर्टात आव्हान दिलं, ते टिकलं नाही. नवा नियम २०१५ पासून सक्तीचा झाला, २०२१ मध्ये तोच सगळ्या अमेरिकेला लागू झाला. म्हणजे १२ सेकंदांची एक चुकीची परीक्षा बदलायला जवळपास चाळीस वर्षं. ब्रिटननं १९८८ मध्ये याहून कडक ज्योतीची परीक्षा आणली होती, तिथला वाद अजून वेगळा.

हा बदलीचा खेळ दुसरीकडेही तसाच. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे १९३६ मध्येच प्रयोगात दिसलं होतं. तरी १९५० च्या दशकापासून त्याचंच कडक पारदर्शक प्लास्टिक बाजारात आलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत उंदरांचे प्लास्टिकचे पिंजरे चुकून भलत्याच डिटर्जंटनं धुतले गेले, प्लास्टिक खराब झालं, आणि ज्या उंदरिणी नियंत्रण गट म्हणून, म्हणजे काहीही न देता नुसत्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या त्यांच्याच बीजांडांतल्या गुणसूत्रांत गडबड दिसायला लागली. शोधत गेल्यावर पिंजऱ्यातून सुटणारं बीपीए सापडलं. पुढे दुधाच्या बाटल्यांतून ते हटलं, कॅनडानं २००८ मध्ये जाहीर केलं, युरोपनं २०११ मध्ये केलं, अमेरिकेनं २०१२ मध्ये. मग "बीपीए-फ्री"चे शिक्के आले आणि बऱ्याच ठिकाणी, विशेषतः पावतीच्या कागदात, आत आलं बिस्फेनॉल एस, म्हणजे परत भाऊच. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम २०,००० पट खाली आणली, जर्मनीच्या यंत्रणेला ते पटलं नाही, तरी २०२४ च्या डिसेंबरात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमधून बीपीए आणि तसेच धोकादायक ठरलेले इतर बिस्फेनॉल काढायचा निर्णय युरोपनं घेतला. एकेक रसायन न धरता सगळी भावकी एकत्र धरायची, हा विचार आता कुठे रुजतोय. नॉनस्टिक आणि डाग न पडणाऱ्या कापडांतल्या पीफास रसायनांबद्दलही पाच युरोपीय देशांनी २०२३ मध्ये हजारो रसायनांवर एकत्रच बंधन घालायचा प्रस्ताव ठेवला.

आणि ताजं प्रकरण काळ्या उलथन्याचं. २०२४ च्या शेवटी बातमी फिरली की काळ्या प्लास्टिकची उलथनी फेकून द्या, त्यात अग्निरोधक आहेत. अभ्यासात २०३ काळ्या वस्तू आधी वरवर तपासल्या होत्या आणि त्यातल्या ब्रोमीन जास्त असलेल्या २० नीट तपासल्या, १७ मध्ये अग्निरोधक निघाले. पण पोटात रोज किती जातं याची सुरक्षित मर्यादेशी तुलना करताना साधा गुणाकार चुकला, ६० किलोच्या माणसाला किलोमागे ७,००० नॅनोग्रॅमच्या हिशेबानं ४,२०,००० यायला हवे तिथे ४२,००० धरले. त्यामुळे जे मर्यादेला टेकल्यासारखं वाटत होतं ते प्रत्यक्षात तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निघालं. दुरुस्ती छापली गेली, तोवर बरीच उलथनी कचऱ्यात गेली होती.

लोकांनी त्यावरून खूप टिंगल केली, पण गुणाकारापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. उलथन्याला अग्निरोधक घालायला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आलं जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या काळ्या खोक्यांतून, ते वितळवून नवीन माल बनवला जातो तेव्हा आतलं ब्रोमीनही सोबत येतं. सोफ्यातल्या पेंटाचं तेच, जगभरच्या बंदीच्या यादीत ते २००९ मध्ये गेलं पण पेंटा असलेला जुना फोम पुन्हा वापरायला सवलत ठेवली, जास्तीत जास्त २०३० पर्यंत, आणि असा भुगा झालेला फोम बरेचदा जातो तो गालिच्याखालच्या पॅडिंगमध्ये. पॅडिंग असो की उलथनं, ते कशापासून बनवलंय हे वस्तूवर लिहायची सक्ती बहुतेक ठिकाणी अजून नाहीच.