हौसा अरबीतून निघालेली नाही

नायजेरिया-नायजरमधली हौसा भाषा अरबीतून निघाली, हा समज टिकला तो अरबी अक्षरांवर बेतलेल्या अजमी लिपीमुळे आणि उसन्या शब्दांमुळे. अशिरिन (२०), तलातिन (३०) अरबी, हे खरेच. पण बियू (२), उकू (३), हुडू (४) अरबी नाहीत.

खरा चकवा ‘मुतू’, म्हणजे मरणे. अरबी ‘माता’शी (म्हणजे ‘तो मेला’) जुळतो म्हणून लोक तोही उसना ठरवतात. पण बोले, न्गिझिम अशा चाडिक (हौसा ज्या गटातली, त्या) भगिनी भाषांतही तो आहे, म्हणजे वारसाच. सुटे जुळते शब्द पुरावा ठरत नाहीत, नियमित ध्वनिसंगती लागते, म्हणजे एका भाषेतल्या ध्वनीच्या जागी दुसरीत ठरलेलाच ध्वनी पुन्हापुन्हा यावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ पॉल न्यूमन आणि रॉक्साना मा यांनी १९६६मध्ये चाडिक भाषांसाठी नेमकी तीच मांडली. चाडिक आणि सेमिटिक (अरबी हिच्यातली) या आफ्रो-आशियाई कुळाच्या वेगळ्या शाखा. शिवाय हौसात सुराने अर्थ बदलतो, अरबीत नाही.